मोकाट कुत्रे, गोठा आणि शेजारधर्म

बांधाचे तंटे, पाण्याचे तंटे व पिकात गुरे शिरल्याचे तंटे यांविषयी आपल्या शेतकरीवर्गापाशी पुष्कळ अनुभव साठलेला आहे, आणि त्यांचा निवाडा कसा करावा हे प्रत्येक गावातील वडीलधाऱ्या माणसांस बहुधा ठाऊक असते. एकाच्या कुत्र्याने दुसऱ्याच्या शेळ्यांस अगर म्हशींस त्रास दिल्यामुळे उपस्थित होणाऱ्या तंट्याची गोष्ट मात्र निराळी आहे. यातील नुकसान घटका-अर्ध्या घटकेत होते, ते बहुतेक रात्री अगर पहाटे होते, साक्षीदार मिळत नाही, आणि ज्याचे नुकसान झाले तोच रागाच्या भरात असे काही करून बसतो की फिर्यादी असावयाचा तो आरोपी होतो. सबब या विषयाचा क्रमाने विचार करून आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

भिवंडीचा निजामपुरा व त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून आम्ही हे लिहीत आहो. निजामपूर हे नाव भिवंडीच्या महानगरपालिकेच्या नावातही जोडलेले आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर खरे. तथापि शहराची दाट वस्ती जेथे संपते तेथून तालुक्याची भातखाचरे, वरकस जमिनी व गवताची राने सुरू होतात, आणि दुधाच्या धंद्यामुळे म्हशींचे गोठेही या बाजूस पुष्कळ आहेत. अशा सरहद्दीवर वस्तीतील कुत्री रात्री शेतांकडे जातात व शेतांवरील कुत्री उकिरड्याच्या आशेने वस्तीकडे येतात. शहराच्या हद्दीत महानगरपालिकेचा अंमल, पलीकडे ग्रामपंचायतीचा. कुत्र्यास ही हद्द ठाऊक नसते. त्यामुळे तक्रार कोणाकडे न्यावी येथूनच घोटाळ्यास आरंभ होतो.

नुकसान कोणते होते

पुष्कळांची समजूत अशी असते की कुत्र्याने चावा घेतला तरच नुकसान झाले. ही समजूत अपुरी आहे. नुसत्या पाठलागानेही जनावरांची हानी होते. घाबरलेली शेळी कुंपणावर आदळते, म्हैस चिखलात किंवा चरात जाऊन पडते, आणि बंद वाडग्यातील मेंढ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून खालच्या गुदमरतात. गाभण जनावर टाकण्याचा धोका असतो. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा व म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा. तेव्हा भरत आलेल्या दिवसांत गर्भ गेला म्हणजे कित्येक महिन्यांची वैरण व राखण व्यर्थ जाते. दुभते जनावर भ्याले म्हणजे पान्हा चोरते. याचे कारण असे की, भीतीच्या वेळी शरीरात जे द्रव्य रक्तात मिसळते ते पान्हा आणणाऱ्या द्रव्याच्या कार्यास आड येते. दूध कासेत असूनही उतरत नाही, आणि असे वारंवार घडल्यास जनावर लवकर आटते.

दुसरे नुकसान याहून सावकाश दिसून येते. कच्चे मांस, मेलेल्या मेंढीचे डोके अगर आतडी खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात व ती गवताबरोबर शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात. यांपैकी एका जातीच्या कृमीची पाण्याने भरलेली गाठ मेंढीच्या मेंदूत वाढते आणि मग ती मेंढी एकाच बाजूस गोल गोल फिरू लागते. दुसऱ्या एका जातीच्या गाठी यकृतात व फुप्फुसात होतात, आणि त्या मनुष्यासही होऊ शकतात. म्हणून आपल्या दारच्या कुत्र्यास कृमिनाशक औषध वेळोवेळी देणे आणि मेलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरणे, ही दोन कामे कुत्र्याच्या धन्याने व गुरांच्या धन्याने दोघांनीही स्वतःच्या हितासाठी करावयाची आहेत.

चावा कोणाचा, हे आधी ठरवावे

भिवंडी तालुक्याच्या वसईकडील अंगास तुंगारेश्वराचे अभयारण्य आहे व त्या डोंगरांत बिबट्याचा वावर आहे. त्यामुळे सकाळी शेळी मेलेली आढळली म्हणजे कोणी बिबट्याचे नाव घेतो, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्याचे. हा भेद पैशाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण बिबट्याने मारलेल्या जनावराबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळू शकते, गावातील कुत्र्याने मारलेल्याबद्दल ती मिळत नाही.

बिबट्या बहुधा गळ्यास धरून एकाच जनावरास मारतो, आणि ते आडोशास ओढून नेतो. गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा व जमिनीवर फरपटल्याची रेघ आढळते. कुत्री मागून धावतात. त्यांचे चावे मांड्या, पाय, बरगड्या, कान व शेपूट अशा पुष्कळ ठिकाणी असतात, कातडी फाटलेली असते, आणि एकाच रात्रीत अनेक जनावरे जखमी होऊनही खाल्लेले मांस थोडे असते. पायांच्या ठशांतही फरक असतो. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्या नखे आत ओढून चालतो. म्हणून मेलेले जनावर न हलवता, ठशांवर पाटी झाकून ठेवून, प्रथम पशुवैद्यास व संशय असल्यास वनरक्षकास बोलावावे. जनावर आपल्या हाताने पुरून टाकल्यावर केलेली तक्रार सिद्ध होणे कठीण असते.

जखमेची व्यवस्था

तंट्याचा विचार मागाहून करावा. जखम आधी धुवावी. कुत्रे पिसाळलेले होते की नाही याची वाट पाहू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सुमारे १५ मिनिटे धुवावी, नंतर जंतुनाशक औषध लावावे. चुना, तिखट, तेल, शेण यांपैकी काहीही जखमेत भरू नये व पशुवैद्याने सांगितल्याखेरीज ती शिवू नये. धुणाऱ्याने हातांस रबरी मोजे घालावे. चावलेल्या जनावरास लस टोचण्याचा सामान्य क्रम पहिल्या दिवसानंतर ३, ७, १४ व २८ व्या दिवशी असा आहे. मध्येच जनावर बरे दिसते म्हणून उरलेल्या टोचण्या सोडणे हे पैशापरी पैसा घालवून संकट ठेवण्यासारखे आहे. पिसाळरोगाची, म्हणजे रेबीजची, लक्षणे चाव्यानंतर कित्येक आठवड्यांनी व कधी कित्येक महिन्यांनी दिसतात, आणि एकदा दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही.

येथे एक सूचना आम्ही विशेष आग्रहाने करतो. पिसाळरोग झालेली गाय अगर म्हैस नेहमीच अंगावर धावून येते असे नाही. पुष्कळदा ती खाणे सोडते, तिच्या तोंडातून लाळ गळते, घोगऱ्या आवाजात ती सारखी हंबरते व तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असावे अशा समजुतीने घरचा माणूस तिच्या तोंडात हात घालून पाहतो. लाळेतूनच हा रोग पसरतो, आणि हातावर लहानसा ओरखडा असला तरी पुरे होतो. अशी लक्षणे दिसणाऱ्या जनावराच्या तोंडात कोणीही हात घालू नये व त्याचे दूध वापरू नये. हात गेलाच असेल तर साबणाने धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. फ्रान्समध्ये १८८५ साली लुई पाश्चर याने जोसेफ माइस्टर नावाच्या मुलास लस टोचली, तेव्हापासून या रोगातून वाचण्याचा मार्ग मनुष्यास खुला आहे. तो वेळेवर धरला पाहिजे इतकेच.

जबाबदारी कोणाची

आता तंट्याच्या मुळाकडे येऊ. गुरांची हानी झाली असता ती कोणी भरून द्यावी, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धनी व गुराखी यांच्यामधील वादाचे प्रकरण आहे. गुराख्याने मेहनत न घेतल्यामुळे कुत्र्यांनी मारलेले जनावर गुराख्याने भरून द्यावे, असा त्यात नियम सांगितला आहे. लगेच पुढे असेही आहे की, चोरांनी जनावर नेले व गुराख्याने ओरड करून योग्य ठिकाणी व योग्य वेळी धन्यास कळविले, तर दोष त्याच्यावर नाही. जनावर आपोआप मेले तर त्याचे कान, कातडे वगैरे धन्यास दाखवावे असेही सांगितले आहे. राखण, वेळेवर वर्दी व पुरावा या तीन गोष्टींवर हा सर्व विचार उभा आहे. आजही विम्याच्या जनावराचा दावा करताना कानातील बिल्ला दाखवावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे कानाचा पुरावा किती जुना आहे हे दिसून येईल.

इंग्लंडात पूर्वी असा नियम होता की, आपले कुत्रे खोडकर आहे हे धन्यास आधी ठाऊक होते असे फिर्यादीने शाबीत केले तरच भरपाई मिळे. मेंढपाळांस हे शाबीत करणे अशक्यप्राय होई. म्हणून १८६५ साली व पुन्हा १९०६ साली तेथे कायदे झाले, आणि गुरांस इजा झाल्यास कुत्र्याच्या धन्यास पूर्वी ठाऊक होते की नव्हते हे विचारण्याचे कारण उरले नाही. पुढे १९७१ च्या कायद्यात उलट बाजूचाही न्याय पाहिला गेला. एखाद्याची गुरे दुसऱ्याच्या जमिनीत भटकत शिरली आणि त्या जमिनीवरील धन्याच्या कुत्र्याने त्यांस इजा केली, तर जबाबदारी त्या धन्यावर नाही.

आपल्याकडे १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला, त्यात हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवे, डुकरे, मेंढ्या, शेळ्या इत्यादींचा उल्लेख आहे, कुत्र्याचा नाही. म्हणजे पिकात शिरलेली शेळी त्या कायद्याने कोंडवाड्यात घालता येते, पण शेळीस चावलेले कुत्रे कोंडवाड्यात घालता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये, आपल्या ताब्यातील जनावरापासून मनुष्याच्या जिवास अगर भारी दुखापतीस संभवणारा धोका टाळण्याची तजवीज न करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु या कलमात धोका मनुष्यास असावा लागतो. शेळीच्या नुकसानीसाठी निष्काळजीपणाच्या तत्त्वावर दिवाणी दावा करावा लागतो, आणि चार शेळ्यांसाठी तो दावा चालविणे किती जणांस परवडेल याचा विचार वाचकांनीच करावा. यास्तव अशा प्रकरणी आपसांतील निवाडा हाच व्यवहार्य मार्ग होय.

पहिल्या पाठलागाच्याच दिवशी सांगावे

आमच्या मते या तंट्याचा आरंभ चाव्याच्या दिवशी होत नाही. कुत्रे प्रथम नुसते भुंकत शेळ्यांमागे धावले, तो दिवस खरा आरंभाचा. त्या दिवशी शेळ्यांचा धनी मनात चरफडतो व गप्प राहतो, कुत्र्याचा धनी हसून सोडून देतो, आणि कुत्र्यास पाठलागाची चटक लागते. धावणाऱ्या जनावरामागे धावणे हा कुत्र्याचा जातिस्वभाव आहे; त्यात त्यास प्रत्येक वेळी गंमत मिळते, आणि दुसरे कुत्रे जोडीस मिळाले म्हणजे एकट्याने कधी न धजणारे कुत्रेही चावा घेते.

म्हणून पहिल्याच दिवशी, राग नसताना, घरी जाऊन सांगावे : "दादा, तुमचे कुत्रे आज शेळ्यांमागे लागले होते. चावले नाही, पण रात्री बांधून ठेवाल तर बरे होईल." असे सांगताना शेजारचे एक माणूस बरोबर असावे, व तारीख आपल्या वहीत टिपून ठेवावी. दुसऱ्यांदा तसे घडल्यास लेखी कळवावे. अशा वर्दीनंतर कुत्र्याच्या धन्यास मला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही, आणि सज्जन शेजारी असेल तर बहुधा दुसरी वेळ येतच नाही.

कुत्र्याच्या धन्याने ही वर्दी अपमान समजू नये. त्याने कुत्रे संध्याकाळपासून उजाडेपर्यंत बांधावे. परंतु आखूड साखळीने दिवसरात्र जखडून ठेवू नये. १९६० च्या प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात सदा बांधलेल्या कुत्र्यास फिरविण्याची हयगय करणे हा गुन्हा मानला आहे, शिवाय असे कुत्रे चिडखोर होते. दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यावर सरकणारी कडी घालावी व तिला साखळी बांधावी. कुत्रे अंगणभर फिरते, राखणही करते आणि बाहेर जात नाही. दर वर्षी लस टोचून तिचा दाखला जपून ठेवावा. घाटावरील धनगर कळपाबरोबर कुत्री बाळगतात व ती मेंढ्यांस राखतात. लहानपणापासून मेंढ्यांत वाढल्यामुळे त्यांस मेंढी परकी वाटत नाही. आपल्या पिल्लासही शेळ्या-वासरांची ओळख लहानपणीच, आपल्या देखत करून द्यावी.

गुरांच्या धन्याचेही कर्तव्य आहे. शेळ्या रात्री उघड्यावर खुंटीस बांधून ठेवल्या तर त्यांस पळताही येत नाही. वाडग्याचे कुंपण निदान छातीइतके उंच, खालून माती दाबलेले व दार बंद होणारे असावे. वार पडली असता ती ताबडतोब पुरावी. तिच्या वासाने कुत्री गोठ्याशी येतात व नवजात करडावर त्यांची नजर पडते.

भरपाईचा हिशेब

नुकसान झालेच तर रकमेवरून भांडण वाढते, म्हणून हिशेबाची रीत आधी ठरलेली असावी. आम्ही पुढील बाबी सुचवितो. पहिली, औषध व लस यांचा प्रत्यक्ष खर्च. दुसरी, मेलेल्या जनावराची त्या आठवड्याच्या बाजारातील किंमत. तिसरी, गर्भ गेला असल्यास गाभण व भाकड जनावराच्या किमतीतील फरक. चौथी, दुधाची घट. समजा, म्हैस घटनेपूर्वीच्या आठवड्यात सरासरीने रोज ८ लिटर दूध देत होती, नंतर १० दिवस ती ५ लिटरवर आली. तर घट ३० लिटरांची झाली, आणि डेअरीच्या दराने तिचे पैसे होतात. दुधाची नोंद वहीत असेल तर यात वादास जागा राहत नाही. शेळ्या कुत्र्याच्या धन्याच्या आवारात शिरल्या असता हे घडले असेल, अगर वाडग्याचे दार उघडे राहिले असेल, तर पंचांनी रक्कम त्या मानाने कमी करावी. ठरलेला करार दोघांच्या सह्यांनी लिहून घ्यावा व त्यात कुत्रे बांधण्याची अट अवश्य घालावी. नुसते पैसे देऊन प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्रात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या ज्या गावांत काम करीत असतील तेथे त्यांचा उपयोग करावा. शहराच्या हद्दीत दोन्ही पक्षांस मान्य असे तीन पंच पुरेत.

विष घालू नये

काही ठिकाणी भाकरीत विष घालून कुत्र्याचा काटा काढण्याचा मार्ग पत्करला जातो. तो सर्वथा त्याज्य आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये कोणत्याही जनावरास मारणे, विष घालणे अगर निकामी करणे यांस पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती भाकरी शेजारचे मूल अगर आपलेच वासरू खाणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणखी एक तोटा असा की, चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवून ते धडधाकट राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता असे कळते. कुत्रे मारले म्हणजे ही खातरजमा करण्याचा मार्गच बंद होतो, आणि घरातील सर्वांस महिनाभर धास्तीत काढावा लागतो. नजर ठेवीत असताना लस मात्र थांबवू नये.

ज्यांस धनी नाही अशी कुत्री

बेवारशी कुत्र्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. नुसत्या संहाराने तो सुटत नाही हे मुंबईने पूर्वीच पाहिले आहे. १८३२ साली तेथे कुत्री मारण्याची मोहीम निघाली, तिच्या विरुद्ध पारशी समाजात मोठा क्षोभ होऊन दंगल झाली. एका टोळीस हटविले तर उकिरड्यावरील अन्नासाठी दुसरी टोळी येते. सांप्रत २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करण्याचे काम स्थानिक संस्थांचे आहे, आणि पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे वेगळे ठेवावयाचे असते. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही, पिसाळलेली, तसा संशय असलेली अगर आक्रमक कुत्री वगळून, बाकीची नसबंदी व लस झाल्यावर त्याच भागात सोडावी असा आदेश दिला. म्हणजे एखादे बेवारशी कुत्रे वारंवार जनावरांवर धावून जात असेल, तर ते आक्रमक असल्याची तारीखवार लेखी तक्रार करणे हे फार उपयोगाचे आहे. निजामपुऱ्यात ती महानगरपालिकेकडे, हद्दीबाहेर ग्रामपंचायतीकडे करावी. हद्दीवर राहणाऱ्यांनी दोहोंकडे प्रत द्यावी व पोहोच घ्यावी. दयाबुद्धीने कुत्र्यांस अन्न घालणाऱ्यांनी ते गोठ्यापासून दूर, ठरलेल्या एकाच जागी घालावे. गोव्यात सामुदायिक लसीकरणाचे काम नेटाने चालले व २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. त्यावरून एकदिलाने केलेल्या कामास किती यश येते हे दिसते.

शेवटी आमच्या वाचकांस एवढीच विनंती आहे की, भातकापणीनंतर गुरे खाचरांत मोकळी सुटण्यापूर्वी प्रत्येक आळीतील गुरांच्या व कुत्र्यांच्या धन्यांनी एकदा एकत्र बसावे. कोणाचे कुत्रे कोणते, त्यास लस केव्हा झाली, रात्री ते कोठे बांधतात, आणि नुकसान झाल्यास पंच कोण, ही यादी एका कागदावर करून सर्वांच्या सह्या घ्याव्या. जवळच्या गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांस त्याच दिवशी बोलावून सर्व कुत्र्यांस लस टोचून घ्यावी. या कामास अर्धा दिवस पुरतो.